जुनी पेटी दुरुस्त करून थेट वाजवणाऱ्याच्या हाती देताना

गेल्या माघात एका भजनी मंडळाचे तिघं जण पेटी बघायला आले होते. दोघं तरुण पुढे झाले आणि पट्ट्या दाबून बघू लागले. त्यांच्यातले वयस्क बुवा मात्र मागेच बसून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "सगळे स्टॉप बंद करा, भाता भरा आणि सोडून द्या." मी स्टॉप, म्हणजे सुरांकडे वारा सोडणाऱ्या खुंट्या, बंद केले आणि भाता भरला. बुवांनी डोळे मिटले आणि बोटाच्या पेरांवर आकडे मोजायला सुरुवात केली. खोलीत कोणी बोलेना. पेटीच्या पोटातला भाता हळूहळू बसत गेला. चौतिसाव्या आकड्याला त्यांनी डोळे उघडले, पेटी पुढ्यात ओढली आणि मगच पहिला सा लावला.

दुकानात गेले असते तर बुवांनी हे केलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. तिथे दुकानाचं नाव असतं, पावती असते, "काही झालं तर आणून द्या" म्हणणारा माणूस गल्ल्यावर बसलेला असतो. आपण पेटी दुरुस्त करून दुकानाला देतो तेव्हा आपलं काम तिथे संपतं. थेट विकायला लागलं की दुकानाची ती सगळी कामं आपल्या अंगावर येतात: पारख, हमी, वाजवून दाखवणं, परत घेणं. मधला नफा वाचतो हे खरं, पण तो या कामांचाच मोबदला असतो. ही कामं करायची तयारी असेल तर थेट विक्रीसारखं समाधान नाही, कारण पेटी कोणाच्या हातात गेली, काय गात बसली, हे आपल्याला कळतं. मी गेली काही वर्षं असंच विकतो. त्यात जे शिकलो ते क्रमानं लिहितो.

आधी पेटी निवडा

जुनी म्हणून प्रत्येक पेटी चांगली नसते. मूळ हार्मोनियम युरोपातलं, १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये घडलेलं, पायानं भाता मारायचं वाद्य. त्याची मांडी घालून वाजवायची हातपेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात झाली. द्वारकानाथ घोष यांचं नाव त्यात पहिलं येतं. पुढची कित्येक दशकं पेटीचं लाकूडकाम इथलं आणि सूर, म्हणजे वाऱ्यानं थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभा (रीड), बाहेरून आलेले, अशी रीत होती. म्हणून आजही "पॅरिस रीड", "जर्मन रीड" हे शब्द ऐकले की गिऱ्हाईकाचे कान टवकारतात. नंतर गुजरातेत पालिताण्याला सूर बनू लागले आणि आजच्या बहुतेक पेट्यांत तेच असतात. पालिताण्याचे चांगले सूर खरोखर चांगले वाजतात. त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही.

पेटी घरी आणण्याआधी तिचं झाकण उघडून पट्ट्यांचा साचा वर उचला आणि सुरांची फळी बघा. मी चार गोष्टी बघतो. सूर सगळे एका जातीचे आहेत का, की मधले पाच-सात कोणीतरी नंतर बदललेत? पितळी जिभांच्या टोकाशी किंवा मुळाशी खोल ओरखडे आहेत का? असतील तर ती पेटी अनेकदा घाईनं लावली गेली आहे आणि जीभ पातळ झालेली आहे. फळीला चीर आहे का? आणि लाकडाला वाळवी किंवा भोक पाडणारा किडा लागलाय का? चामडं फाटलेलं, बनात (पट्ट्यांखालचं लोकरी कापड) कसरीनं खाल्लेली, भात्याच्या घड्या उकललेल्या, स्प्रिंगा गंजलेल्या, हे सगळं दुरुस्त होतं. पातळ झालेली जीभ मात्र परत जाड होत नाही.

पट्ट्यांवरचं पांढरं आवरण नीट बघा, कारण इथे कायदा येतो. काही फार जुन्या पेट्यांना हस्तिदंताच्या चकत्या असतात. भिंगातून बघितलं तर हस्तिदंतात बारीक, किंचित वेड्यावाकड्या रेषा लांबीनं जाताना दिसतात. हाडात काळपट सूक्ष्म छिद्रं असतात. सेल्युलॉइडवर रेषा असल्याच तर छापल्यासारख्या एकसारख्या असतात. तापलेली सुई टेकवून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीनं आणि आफ्रिकी दाताचा १९९१ च्या दुरुस्तीनं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद झाला. त्यामुळे अशी पेटी विकत घेऊ नका, विकूही नका. मालकाला तसं सांगा आणि वनखात्याकडे चौकशी करायला सांगा. पेटी कितीही गोड वाजत असली तरी मी त्या वाटेला जात नाही.

वही

पेटी आली त्या दिवशी वहीत तिचं एक पान उघडा. आयर्लंड-इंग्लंडमध्ये जुन्या कॉन्सर्टिना दुरुस्त करून थेट विकणारे कारागीर आहेत. कॉन्सर्टिना म्हणजे आपल्या पेटीची दूरची बहीणच: तोच भाता, तीच वाऱ्यानं थरथरणारी धातूची जीभ, फक्त दोन हातांत धरून दाबायची-ओढायची. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८२९ साली त्या घराण्यातल्या वाद्याचं पेटंट घेतलं. त्यांच्या कंपनीच्या विक्रीच्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. तिथल्या वाद्यावरचा क्रमांक बघायचा आणि त्या वहीत शोधायचा, म्हणजे वाद्य कोणत्या काळातलं हे गिऱ्हाईकाला स्वतः पडताळता येतं. विकणाऱ्याच्या शब्दावर सगळं अवलंबून राहत नाही.

आपल्या पेट्यांच्या बाबतीत हे सहसा शक्य होत नाही. "आजोबांनी कलकत्त्याहून आणली" एवढाच दाखला असतो. तो खराही असेल, पण तो घरचा दाखला आहे. म्हणून आपली वही आपण सुरू करायची. कोणत्या गावाहून आली, घरच्यांनी काय सांगितलं, पेटीच्या आत काय लिहिलेलं सापडलं, कोणते भाग बदलले, कोणते तसेच ठेवले, किती तास लागले, हे सगळं लिहा. एका पेटीच्या तळाला मला पेन्सिलीनं लिहिलेली तारीख सापडली, १२-११-४९, आणि खाली फक्त "सूर लावले". सही नाही. मी ती पुसली नाही, पॉलिशखाली झाकली नाही. शेजारी बारीक अक्षरात माझ्या कामाची तारीख घातली. पेटी विकताना त्या ओळीचा फोटो पाठवला, तेव्हा घेणाऱ्या बाईंनी भावाची बोलणीच केली नाहीत.

दुरुस्ती विक्रीच्या दृष्टीनं

दुरुस्तीची कला हा या लेखाचा विषय नाही. विकण्याशी ज्याचा संबंध येतो तेवढंच सांगतो.

पहिलं, वारा. गळकी पेटी कितीही सुरेल असली तरी वाजवणारा दहा मिनिटांत थकतो. स्टॉप बंद ठेवून भरलेला भाता किती वेळ टिकतो ते मोजा. वीस सेकंदांच्या आत बसणारी पेटी मी विकायला काढत नाही, तिसाच्या पुढे गेली की समाधान वाटतं. मग एक स्टॉप उघडा आणि पट्टी न दाबता ऐका. एखादा सूर आपोआप गुणगुणत असेल तर पट्टीखालच्या झाकणीचं चामडं वाकलंय किंवा स्प्रिंग सैल आहे.

दुसरं, स्वर कुठे लावायचा. जुन्या फ्रेंच सुरांच्या पेट्या पुष्कळदा ४३५ च्या हिशेबानं, म्हणजे मधल्या ए (A) स्वराची सेकंदाला ४३५ कंपनं धरून, लावलेल्या सापडतात. आज सगळं ४४० वर चालतं. फरक सुमारे वीस सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), म्हणजे प्रमाण श्रुती या स्वरांतल्या बारीक अंतराच्या जवळपास. पेटी ४४० वर आणायची तर एकूण एक जीभ टोकाशी खरवडावी लागते, आणि खरवडलेलं पितळ परत येत नाही. माझं मत स्पष्ट आहे. सूर खरोखर जुने आणि एकसंध असतील, आणि घेणारा तंबोऱ्यावर गाणारा असेल, तर हात लावू नका. तंबोरा पेटीला मिळवून घेता येतो. बासरी किंवा की-बोर्ड सोबत असणार असेल तर ४४० लागतंच. म्हणून मी अशी पेटी आधी फक्त आपसांत जुळवून घेतो आणि सूर ४४० वर चढवायचा निर्णय गिऱ्हाईक ठरल्यावर घेतो.

याच्याच जोडीला गांधार ट्यूनिंगचा प्रश्न येतो. १९४० ते १९७१ पर्यंत आकाशवाणीनं पेटीला दार बंद ठेवलं होतं, त्यामागे एक मोठा आक्षेप हाच होता की तिचे बारा ठरीव स्वर आपल्या गायनाच्या श्रुतींशी जुळत नाहीत. पेटीवाल्यांनी त्यावर काढलेली एक वाट म्हणजे गांधार ट्यूनिंग: ठरावीक सा धरून स्वर नैसर्गिक अंतरांनी लावणं. अशी पेटी तिच्या पट्टीत वाजली की अंगावर काटा येतो, आणि दुसऱ्या पट्टीत घेतली की कानाला टोचते. काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गांधार ट्यूनिंग केलेली पेटी तुम्ही पांढरी चारला गाणाऱ्याला न सांगता विकलीत, तर तो आठ दिवसांत पेटी घेऊन परत येईल. त्याची तक्रार रास्त असेल.

तिसरं, रंगरूप. जुन्या सागवानावर किंवा शिसवीवर चकचकीत रासायनिक पॉलिश मारू नका. चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) हात पुरतो. कोपऱ्याला पडलेली खोक आणि हाताच्या घामानं काळवंडलेली भात्याची कड राहू द्या. नवी दिसणारी जुनी पेटी बघून जाणकार माणूस पहिली शंका आतल्या सुरांचीच घेतो.

ऋतू बघून विका

ही चूक मी केली आहे, म्हणून जरा थांबून लिहितो. कोकणातल्या एका घरातून आणलेली पेटी मी पावसाळ्यातच दुरुस्त केली आणि दिवाळीत नागपूरच्या एका संगीत शिक्षकांना पाठवली. इथे ती बत्तीस सेकंद वारा धरत होती. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, पेटी फुसफुसते. लाकूड वर्षानुवर्षं दमट हवेत राहिलेलं होतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते आकसलं आणि सुरांच्या फळीला केसाएवढी चीर पडली. त्यांचा काही दोष नव्हता. पेटी मी माझ्या खर्चानं परत आणली, चीर भरली, वरून पातळ चामडं चिकटवलं आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत माझ्याकडेच ठेवून मग पाठवली. सरांना सात महिने पेटीवाचून काढावे लागले, याची चुटपुट अजून आहे.

तेव्हापासून माझा नियम असा. कोकणातली पेटी घाटावर आणल्यावर दुरुस्तीआधी निदान एक उन्हाळा कोरड्या खोलीत उघडून ठेवायची. शक्य असेल तर दुरुस्तीनंतरही एक ऋतू बदलू द्यायचा. उलट, देशावरची पेटी मुंबई-गोव्याकडे जाणार असेल तर पट्ट्यांमध्ये मुळात किंचित जास्त फट ठेवायची, नाहीतर आषाढात लाकूड फुगतं आणि पट्ट्या एकमेकींना धरून बसतात. यात पैसे अडकून पडतात हे खरं, पण पेटी परत येण्यापेक्षा ते बरं.

माहितीचा कागद

आता विक्रीचं मुख्य काम. एक पानभर मजकूर लिहा, मराठीत, साध्या वाक्यांत. तोच जाहिरातीत जाईल, तोच फोनवर बोलताना समोर असेल आणि तोच पेटीबरोबर गिऱ्हाईकाला मिळेल. माझ्या एका पानावरचा मजकूर नमुन्याला देतो. (दोन सुरी म्हणजे प्रत्येक पट्टीमागे सुरांच्या दोन रांगा, खर्ज खालची आणि नर मधली. स्केलचेंज म्हणजे पट्ट्यांचा साचा सरकवून सा बदलायची सोय. कपलर म्हणजे एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दाबली जाण्याची सोय.)

"बेचाळीस पट्ट्यांची, साडेतीन सप्तकांची, दोन सुरी, खर्ज आणि नर. स्केलचेंज नाही, कपलर आहे. लाकूड सागवान. सुरांवर छाप आहे, फोटो सोबत. खर्जातले दोन सूर नंतरचे आहेत, ते कुठले ते खूण करून दाखवले आहेत. भात्याचं कापड व चामडं नवीन, झाकण्यांचं चामडं नवीन, स्प्रिंगा अकरा नवीन व बाकी जुन्या. ४४० ला लावली आहे. स्टॉप बंद ठेवून भाता एकतीस सेकंद टिकतो. उजव्या बाजूच्या झाकणाला जुनी भेग आहे, आतून पट्टी मारली आहे, आवाजावर परिणाम नाही. मंद्र सप्तकातला कोमल निषाद बाकी स्वरांपेक्षा किंचित उशिरा बोलतो."

शेवटचं वाक्य लिहायला हात धजत नाही, मला कळतं. पण फोन येतात ते बहुतेक ह्याच वाक्यामुळे. जो स्वतःहून उणीव सांगतो त्याचं बाकीचं सांगणं खरं असणार, असं समोरच्याला वाटतं, आणि ते तसंच असायला हवं. "पॅरिस रीड" हे शब्द छाप स्वतः बघितल्याशिवाय लिहू नका. छाप आहे पण खात्री नाही, तर "छाप आहे" एवढंच लिहा आणि फोटो द्या. आवाजाला "गोड", "दमदार" ही विशेषणं लावण्याऐवजी आवाजच ऐकवा.

ऐकवणं आणि दाखवणं

मोबाइल चालतो, फक्त जागा नीट निवडा. फरशीची मोकळी खोली नको, आवाज घुमतो आणि दोष झाकले जातात. गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली घ्या. मोबाइल दोन हात अंतरावर, पेटीच्या उंचीला ठेवा. आवाज सुधारणारी कुठलीही सोय वापरू नका.

तीन तुकडे मुद्रित करतो. पहिल्यात एकेका सुरांच्या रांगेचा स्टॉप उघडून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी दोन-दोन सेकंद धरतो, शेजारी ट्यूनर दिसेल असा. कंटाळवाणा तुकडा आहे, पण जाणकार तोच पुन्हा पुन्हा ऐकतात. दुसऱ्यात वाऱ्याची चाचणी, घड्याळासकट, न कापता. तिसऱ्यात वाजवणं. तुम्हाला चांगलं वाजवता येत नसेल तर ओळखीच्या साथीदाराला बोलवा, पण त्याला द्रुत तानांची कमाल दाखवू देऊ नका. एक संथ अभंग वाजवायला सांगा. लांब स्वर धरले की पेटीचा श्वास कळतो.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. समोरून, मागून, भाता पूर्ण उघडून, साचा उचलून, सुरांच्या फळीचा, छापाचा आणि प्रत्येक दोषाचा जवळून.

किंमत

किंमत ठरवताना लोक दोन चुका करतात. एक तर स्वतःचे तास धरत नाहीत, नाहीतर "अँटिक" म्हणून हवेतला आकडा सांगतात. कागदावर मांडा. समजा पेटी ६,००० ला घेतली, सामान २,२०० चं लागलं, आणण्या-नेण्यात ८०० गेले. अडतीस तास काम झालं आणि तासाचे २५० धरले तर ९,५०० होतात. एकूण १८,५००. त्यावर दहा टक्के हमीसाठी बाजूला काढा, कारण शंभरातल्या काही पेट्या परत येणारच. म्हणजे २०,३५० ही तुमची खालची रेघ. मग आपल्या भागात त्याच पट्ट्यांची, तेवढ्याच सुरांची नवी पेटी काय भावानं मिळते ते बघा. जुनीचे सूर नवीपेक्षा चांगले असतील तरच तिचा भाव नव्या पेटीच्या वर जाऊ द्या. खालच्या रेघेपेक्षा कमी भावात विकायची वेळ येत असेल तर निवड चुकली, किंमत नव्हे.

एक भाव सांगा आणि त्यावर राहा. दोन हजार वाढवून सांगायचे आणि मग सोडायचे, या पद्धतीनं ओळखीच्या वर्तुळात नाव लवकर खराब होतं. पेटी वाजवणारे सगळे एकमेकांना ओळखतात. सवलत द्यायचीच असेल तर विद्यार्थ्याला द्या, आणि ती आधीच जाहीर लिहा.

गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवं

भजनी मंडळाला आवाज हवा, मजबुती हवी. पेटी देवळातून टेम्पोत आणि टेम्पोतून मांडवात जाते. कोकणातल्या डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या) बुवांना पखवाज-झांजांच्या वर निघणारा आवाज लागतो. त्यांना नाजूक, मुलायम पेटी देऊ नका, त्यांचाही पैसा जाईल आणि पेटीचेही हाल होतील. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्याला सदतीस किंवा एकोणचाळीस पट्ट्यांची साधी, हलकी, सुरात असलेली पेटी पुरते. पालक तीन सुरी स्केलचेंज मागतात तेव्हा त्यांना समजावून सांगा, जड पेटी मूल शिकवणीला नेत नाही. गायकाला रियाजासाठी लांब टिकणारा शांत सूर लागतो, आणि तो कुठल्या पट्टीत गातो हे विचारल्याशिवाय कुठलीच पेटी सुचवू नका. काळी चार-पाचला गाणाऱ्या बाईंना ज्या पेटीचं मधलं सप्तक सुंदर आहे ती पेटी, काळी एकवाल्याला कदाचित खर्जात कमी पडेल. एकल वादन करणारे सगळ्यात चिकित्सक. ते पट्टीची खोली, परत उसळण्याचा वेग, सगळं तपासतात. त्यांना घरीच बोलवा आणि चहा देऊन तासभर एकटं सोडा.

हे लोक भेटतात कुठे? संगीत शिक्षकांकडे, देवळाच्या कट्ट्यावर, नाट्यसंगीताच्या स्पर्धांत, तबलजींकडे. तबलजी हा सगळ्यात उत्तम दुवा, तो रोज वेगवेगळ्या पेट्यांच्या शेजारी बसतो. पेटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर माहितीचा कागद आणि तिन्ही मुद्रणं टाका, एकदाच. रोज तीच पेटी दिसू लागली की लोकांना वाटतं, काहीतरी खोट असणार.

पैसे

घरी येऊन नेणारा असेल तर प्रश्न नाही. बाहेरगावी पाठवायची तर निम्मे आधी आणि निम्मे पेटी रवाना व्हायच्या आदल्या दिवशी, पॅकिंगचा व्हिडिओ दाखवल्यावर, अशी माझी रीत आहे. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींवर फसवणारे हटकून येतात. न बघता, भाव न करता "लगेच घेतो" म्हणतात, मी लष्करात आहे, माझा माणूस येऊन नेईल, असं सांगतात, आणि पैसे पाठवण्यासाठी म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात. पैसे मिळवण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन घालावा लागत नाही. पिन मागितला की ते पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. तसं झालंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पावती द्याच. तारीख, पेटीचं वर्णन, रक्कम, हमीच्या अटी. वस्तू-सेवा कराची नोंदणी, विशेषतः परराज्यात नियमित पाठवायचं झाल्यास, आपल्या सीएला विचारून ठरवा.

बांधणी

पेटी वाटेत मोडते ती दोन कारणांनी. भाता उघडा राहतो, किंवा पट्ट्यांचा साचा आतल्या आत उड्या मारतो. भाता बंद करून कडी लावा, वरून सुती पट्टा बांधा. स्टॉप सगळे आत ढकला. पट्ट्यांवर पट्ट्यांएवढी जाड फोमची लादी ठेवून मग झाकण बंद करा, म्हणजे साचा दाबून धरला जातो. मोकळं होणारं हँडल काढून वेगळं बांधा. पेटी आधी सुती चादरीत गुंडाळा. प्लास्टिकमध्ये सरळ गुंडाळू नका, आत घाम धरतो. मग फोम, मग पुठ्ठ्याचं खोकं, आणि लांब जायचं असेल तर प्लायवूडची पेटी, तळाला दोन आडव्या पट्ट्यांसकट. त्या पट्ट्या असल्या की उचलणाऱ्याची बोटं आत जातात आणि तो खोकं आपटत नाही, नीट ठेवतो.

एकदा एका पार्सलवाल्यानं उलटी ठेवून आणलेली पेटी गिऱ्हाईकाच्या दारात उघडली, तर खर्जाची फळी सुटलेली होती. खोक्यावर बाण होते, "नाजूक" लिहिलं होतं. हमाल ते वाचतोच असं नाही. तेव्हापासून मी पेटी अशी बांधतो की उलटी झाली तरी आत काही हलू नये. शक्य तिथे ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो. पुणे-कोल्हापूर, पुणे-नाशिक रोज कोणी ना कोणी गाडीनं जात असतं.

परदेशी मराठी मंडळींकडून विचारणा येते, अमेरिकेतून जास्त. तिथे पाठवायच्या पेटीबद्दल तीन गोष्टी. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरातन वस्तू आणि कलाकृती कायद्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला आधी घ्या. शिसवीच्या लाकडावर २०१७ पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी लाकूड कोणतं ते कागदावर स्पष्ट लिहा. तिसरं, हिवाळ्यात तिथली घरं तापवलेली आणि कोरडी असतात. नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल जे लिहिलं ते तिथे जानेवारीत होतं. खोलीतला दमटपणा राखायला सांगा आणि पेटी हीटरपासून लांब ठेवायला सांगा.

हमी, आणि नंतरचा फोन

मी सात दिवस परत घेण्याची मुभा देतो, कारण विचारत नाही, फक्त वाहतूक त्यांची. वर्षभर वारा, चामडं आणि स्प्रिंगा माझ्याकडे. सुरांचं लावणं सहा महिन्यांनी एकदा मोफत, पेटी माझ्याकडे आणली तर. पाण्यात भिजली, उंदरानं कुरतडली, दुसऱ्यानं उघडली, तर हमी नाही. हे सगळं पावतीच्या मागे छापलेलं असतं. पेटी देताना गिऱ्हाईकाला साचा कसा उचलायचा, सुरात अडकलेला कचरा पातळ कागदानं कसा काढायचा, हे समोर करून दाखवतो. दर पंधरा दिवसांनी निदान एकदा पेटी वाजवा, हेही सांगतो. बंद पडलेल्या पेटीत झुरळं शिरतात.

मृगाचा पहिला पाऊस होऊन आठवडा झाला की मी वही काढतो आणि त्या वर्षी विकलेल्या प्रत्येक पेटीमागे एक फोन करतो. विचारायचे प्रश्न तीनच: कुठली पट्टी अडकते का, कुठला सूर आपोआप बोलतो का, भाता किती आकडे टिकतो. माघातल्या त्या बुवांना मी परवा फोन केला. त्यांनी "थांबा" म्हणून फोन पेटीशेजारी ठेवला आणि भाता भरला. मी इकडे घड्याळ धरून बसलो होतो. तेहतीस. पानावर तारीख घालून लिहून ठेवलं.